गुगल कॅलेंडर : छोट्या कारखान्याच्या हिशेबखात्याला कितपत उपयोगी?

छोट्या कारखान्याला कराचं रिटर्न उशिरा भरल्याचा दंड बसतो तेव्हा तिजोरीत पैसे असतात. नसतं ते भलतंच काहीतरी. खरेदीची चार बिलं स्टोअरकीपरच्या ड्रॉवरमध्ये पडलेली असतात, ओटीपी ज्या फोनवर येतो तो मालक गाडी चालवत असतो, नाहीतर डिजिटल सहीची मुदत गेल्याच आठवड्यात संपलेली असते आणि ते कुणाच्या ध्यानातही आलेलं नसतं. हा सगळा वेळेचा हिशेब चुकण्याचा प्रकार आहे आणि त्यावर महागडं सॉफ्टवेअर घ्यायची गरज बहुतेकांना नाही. फोनमध्ये आधीपासून असलेलं फुकटचं गुगल कॅलेंडर या कामाला पुरतं का, ते इथे तपासलं आहे. डोळ्यांसमोर धरलंय ते दहा ते चाळीस माणसांचं युनिट. एक अकाउंटंट, बाहेरचा सीए किंवा कर सल्लागार, आणि सगळीकडे स्वतः धावणारा मालक.

आधी निकाल सांगून टाकतो. पुरतं, आणि चांगलं पुरतं. अट एकच, त्यात नुसत्या शेवटच्या तारखा भरून ठेवायच्या नाहीत. बहुतेक जण नेमकं तेवढंच करतात आणि दोन महिन्यांत कॅलेंडर उघडायचं सोडून देतात.

दर महिन्याचा साचा ठरलेला आहे. ७ तारखेला टीडीएसचा, म्हणजे पैसे देताना कापून ठेवलेल्या आयकराचा भरणा (मार्चचा मात्र ३० एप्रिलपर्यंत), ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीच्या बिलांचं रिटर्न), १५ ला कामगारांचा पीएफ आणि ईएसआयसी, २० ला ३बी (जीएसटीआर-३बी, ज्यासोबत महिन्याचा जीएसटी भरला जातो). वार्षिक उलाढाल ५ कोटींपर्यंत असेल आणि तिमाही रिटर्नची योजना घेतली असेल तर तारखा बदलतात. तिमाहीचं जीएसटीआर-१ पुढच्या महिन्याच्या १३ ला, महाराष्ट्र आणि गोव्यातल्यांचं ३बी २२ ला, आणि तिमाहीतल्या पहिल्या दोन महिन्यांचा कर पुढच्या महिन्याच्या २५ पर्यंत चलनाने. व्यवसाय कराची वर्षाची रक्कम १ लाख किंवा त्याहून जास्त असेल तर त्याचं रिटर्न दर महिनाअखेर, नाहीतर वर्षातून एकदाच, ३१ मार्चला. शिवाय टीडीएसची तिमाही रिटर्न ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर, ३१ जानेवारी आणि ३१ मे ला, आगाऊ कराचे हप्ते १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्चला. जॉबवर्कला, म्हणजे बाहेरून काम करून घ्यायला माल पाठवणाऱ्यांचा आयटीसी-०४ हा फॉर्म वेगळाच.

या तारखा अकाउंटंटला तोंडपाठ असतात. म्हणून ७ तारखेला फोन वाजून "आज टीडीएस" असं दिसल्याने नवीन काहीच कळत नाही. त्या क्षणी पार्टीचा पॅन चुकीचा निघाला, भाड्याच्या बिलावर टीडीएस कापायचाच राहिलाय असं दिसलं, तर दुरुस्तीला दिवस उरलेला नसतो. आणि टीडीएसमध्ये एका दिवसाचा उशीरही चांगलाच महाग पडतो. २० मे ला ४०,००० रुपये टीडीएस कापला आणि ७ जूनऐवजी ८ जूनला भरला, तर व्याज एका दिवसाचं लागत नाही. कापल्याच्या तारखेपासून दरमहा दीड टक्का, आणि महिन्याचा तुकडाही पूर्ण महिना धरला जातो. मे एक, जून दोन, म्हणजे ३ टक्के. झाले १,२०० रुपये.

म्हणून कॅलेंडरमध्ये जायला हवं ते काम. तारीख त्याच्या शेवटी आपोआप येते.

३बीचंच उदाहरण घेऊ, कारण सगळ्यात जास्त ओढाताण तिथेच होते. खरेदीवरचं क्रेडिट (खरेदीत दिलेल्या जीएसटीची वजावट) ज्या २बी वर (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची पोर्टलवरची यादी) अवलंबून असतं ते १४ तारखेला तयार होतं. पुरवठादाराने आपलं जीएसटीआर-१ ११ पर्यंत भरलं असेल तरच त्याचं बिल त्यात दिसतं. तेव्हा पुरवठादारांना फोन करायचे ते ८ आणि ९ तारखेला. १६ ला २बी उघडून अमक्याचं बिल नाही म्हणून फोन केला तर तो म्हणणार, "पुढच्या महिन्यात टाकतो." आणि त्याचं म्हणणं बरोबरच असतं, त्या महिन्यापुरती वेळ गेलेली असते. कॅलेंडरमध्ये हे काम असं बसतं : ५ तारखेला सकाळी अर्धा तास स्टोअर आणि गेटवरची खरेदी बिलं गोळा करायला, ८ ला दुपारी एक तास मोठ्या पुरवठादारांच्या पाठपुराव्याला, १५ ला सकाळी दोन तास २बी आणि खरेदी नोंदवही जुळवायला, १६ ला राहिलेले फरक सोडवायला, १७ ला सीएकडे आकडे, १८ ला चलन आणि रिटर्न. १९ आणि २० रिकामे. हे दोन दिवस चैन म्हणून ठेवलेले नाहीत. शेवटच्या दिवशी पोर्टल रखडतं, बँकेतून गेलेले पैसे कॅश लेजरला (पोर्टलवरच्या आपल्या खात्यात) दिसायला वेळ लागतो, आणि मालक तर हमखास बाहेरगावी असतो.

याच साखळीत १८ तारखेला मालकाच्या कॅलेंडरमध्ये पंधरा मिनिटांची एक नोंद टाका, "ओटीपी – फोन जवळ". एवढीशी नोंद, पण संपूर्ण व्यवस्थेत तिच्याइतकं फळ दुसऱ्या कशाचं मिळत नाही. प्रोप्रायटर आणि भागीदारी फर्मचं रिटर्न ओटीपीवर भरलं जातं आणि तो ओटीपी अधिकृत सही करणाऱ्याच्याच नंबरवर येतो. कंपनी किंवा एलएलपी असेल तर डिजिटल सही लागते. तिच्या मुदतीच्या तीन आठवडे आधीची नोंद आजच करून ठेवा, कारण नूतनीकरणात व्हिडिओ पडताळणी, कागदपत्रं आणि टोकन यांत दिवस जातात.

मांडणी कशी करावी

पहिलं काम म्हणजे फर्मच्या नावाचं वेगळं जीमेल खातं. अकाउंटंटच्या खाजगी खात्यावर कॅलेंडर उभं करू नका, कारण शेवटी सांगतो. त्या खात्यात तीन स्वतंत्र कॅलेंडरं काढा : एक सरकारी तारखांचं, एक कामाच्या तासांचं, एक बँक आणि कारखान्याच्या सुट्ट्यांचं. वेगळी ठेवण्याचा फायदा असा की मालकाला फोनवर फक्त पहिलं दिसलं तरी चालतं, अकाउंटंटला तिन्ही लागतात, आणि सीएला पहिली दोन. ज्याला जे नको ते त्याने डाव्या बाजूची खूण काढून झाकून ठेवावं.

नवीन कॅलेंडर काढणं आणि ते इतरांना शेअर करणं संगणकाच्या ब्राउझरमधून करा. फोनवरच्या ॲपमध्ये शेअरिंगचा पर्याय शोधत बसण्यात लोकांचा अर्धा तास जातो. शेअर करताना चार पातळ्या मिळतात : फक्त वेळ मोकळी की व्यस्त एवढंच दिसणं, सगळा तपशील दिसणं, नोंदी बदलता येणं, आणि बदलांबरोबरच शेअरिंगचा ताबा. मालकाला आणि सीएला दुसरी, अकाउंटंटला तिसरी. चौथी फर्मच्या खात्याबाहेर कुणालाच देऊ नये.

नोंदीचं शीर्षक आखूड ठेवा आणि ओळखीचा शब्द पहिला येऊ द्या. फोनच्या महिनाभराच्या दृश्यात प्रत्येक नोंदीची जेमतेम सात-आठ अक्षरं दिसतात. "जीएसटीआर-३बी भरणे" आणि "जीएसटीआर-१ भरणे" अशी नावं दिली तर दोन्हीकडे "जीएसटीआर" एवढंच दिसतं. त्याऐवजी "३बी चलन", "३बी जुळवणी", "आर१ तपासणी". तसंच दर महिन्याला आपोआप येणाऱ्या नोंदीच्या नावात महिन्याचं नाव घालू नका, कारण ते पुढच्या महिन्यात बदलत नाही आणि ऑगस्टमध्ये "३बी जून" दिसत राहतं.

ॲपची भाषा मराठी ठेवता येते. पण सीए इंग्रजीत, अकाउंटंट मराठीत आणि मालक हिंदीत वापरत असेल तर फोनवर एकमेकांना बटणं समजावताना घोळ होतो. सगळ्यांनी एकच भाषा ठरवून घ्यावी.

घंटी कुणाची वाजते?

सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे. शेअर केलेल्या कॅलेंडरच्या नोंदीवर तुम्ही "दोन दिवस आधी सकाळी ११" अशी सूचना लावली तर ती तुम्हालाच येते. सूचना प्रत्येक वापरणाऱ्याची स्वतंत्र असते. मालकाने उत्साहाने सगळ्या नोंदींना सूचना लावल्या आणि अकाउंटंटच्या फोनवर काहीच वाजलं नाही, हे जागोजागी घडतं आणि मग दोष ॲपला दिला जातो. उपाय सोपा आहे. प्रत्येकाने आपापल्या खात्यातून त्या कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये जाऊन कायमच्या सूचना एकदाच ठरवायच्या. दिवसभराच्या नोंदींसाठी आणि ठरलेल्या वेळेच्या नोंदींसाठी या सूचना वेगवेगळ्या असतात, दोन्ही भराव्या लागतात. एकच भरून लोक थांबतात.

एका नोंदीला पाचपर्यंत सूचना लावता येतात आणि जास्तीत जास्त चार आठवडे आधीची. पाचही लावू नका. फोन सारखा वाजला की माणूस न वाचताच बोट फिरवून सूचना उडवतो. सरकारी तारखेला दोन पुरेत : एक चार दिवस आधी, एक आदल्या दिवशी. वेळ सकाळची ११ ठेवा. ९ ला अकाउंटंट अजून हजेरी आणि कॅशमध्ये असतो, संध्याकाळी ६ ला तो निघायच्या घाईत.

दिवसाच्या कामांची यादी ईमेलने मागवायची सोय आहे, ती पहाटे ५ च्या सुमारास येते. मेल रोज उघडणाऱ्याला ती फोनच्या घंटीपेक्षा उपयोगी पडते. एसएमएसने सूचना मात्र २०१९ पासून बंद आहे. साधा फोन वापरणाऱ्या सुपरवायझरला या व्यवस्थेत थेट आणता येत नाही.

एवढं करूनही फोन वाजत नसेल तर दोन जागा तपासा. एक, ॲपच्या सेटिंगमध्ये ते शेअर केलेलं कॅलेंडर सिंक होतंय का. नव्याने जोडलेलं कॅलेंडर कित्येकदा बंद असतं. दोन, फोनची बॅटरी-बचत. बरेच अँड्रॉइड फोन पार्श्वभूमीत चालणारी ॲप्स झोपवतात, तिथे कॅलेंडरला सूट द्यावी लागते.

३१ तारखेचा सापळा

महिनाअखेरीची नोंद ३१ तारखेला टाकून "दर महिन्याला" असा पर्याय निवडला, की ज्या महिन्यांना ३१ तारीख नाही ते महिने कॅलेंडर सरळ वगळतं. एप्रिल, जून, सप्टेंबर, नोव्हेंबर आणि फेब्रुवारी गायब. कुठलीही चूक दाखवली जात नाही, नोंद फक्त येत नाही. दरमहा व्यवसाय कर भरणाऱ्यांना हा फटका बसू शकतो. "महिन्याचा शेवटचा दिवस" असा तयार पर्याय नाही, "शेवटचा शुक्रवार" असा आहे. त्यापेक्षा काम २५ तारखेलाच लावावं. पगार झाल्यावर कर भरायला महिनाअखेरपर्यंत थांबायचं कारणच नाही.

हीच पुनरावृत्ती दुसरीकडे फार कामाची आहे. बँका दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतात, आणि "महिन्याचा दुसरा शनिवार" ही नोंद एकदा टाकली की ती कायम येत राहते. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास चालतं, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी पैसे अडतात असं आता नाही. पण धनादेश, बँकेतली सही, मर्यादा वाढवण्याचं काम यांना बँक उघडी लागते. गुगलचं तयार भारतीय सुट्ट्यांचं कॅलेंडर यासाठी वापरू नका. त्यात ऐच्छिक सुट्ट्याही भरलेल्या असतात आणि आपल्या राज्यात बँक कधी बंद हे त्यावरून नक्की कळत नाही. भिंतीवरची दिनदर्शिका आणि बँकेची यादी समोर ठेवून वर्षाच्या सुट्ट्या हाताने भरायला वीस मिनिटं लागतात.

सरकारने मुदत वाढवली की नोंद हलवताना तीन पर्याय विचारले जातात : फक्त ही नोंद, ही आणि पुढच्या, की सगळ्या. इथे नेहमी "फक्त ही". चुकून "ही आणि पुढच्या" दाबलं तर पुढच्या सगळ्या महिन्यांची तारीख सरकते आणि महिनाभर कुणाला कळत नाही. कामाच्या नोंदी तर मुदतवाढीनंतरही जागच्या हलवू नयेत. १६ चं काम १६ लाच झालेलं बरं.

वर्षाच्या एकदाच येणाऱ्या तारखा एक्सेलमध्ये करून सीएसव्ही फाइलने (साध्या मजकुरात साठवलेला तक्ता) एकदम चढवता येतात. तारीख लिहिताना महिना आधी आणि दिवस नंतर ठेवावा लागतो. आपल्या सवयीने ७ मे साठी ०७/०५ लिहिलं की ती नोंद ५ जुलैला जाऊन बसते, आणि १२ च्या पुढच्या तारखांना फाइल अडते म्हणून निदान शंका तरी येते. पुनरावृत्ती सीएसव्हीतून होत नाही, दरमहाच्या नोंदी हातानेच टाकाव्या लागतात. फाइल चढवताना एक नवं कोरं कॅलेंडर काढून त्यातच चढवा. चुकलं तर ते अख्खं काढून टाकता येतं. चालू कॅलेंडरमध्ये मिसळलं तर एकेक नोंद शोधून पुसावी लागते.

कुठे कमी पडतं

एका कामावर दुसरं काम अवलंबून आहे हे या कॅलेंडरला कळत नाही. जुळवणी दोन दिवस पुढे गेली तरी चलनाची नोंद जागेवरच राहते, ती माणसानेच हलवायची. कामांची जी वेगळी टिकमार्कवाली यादी मिळते ती वैयक्तिक असते, फुकट खात्यात ती सीएला किंवा मालकाला दिसत नाही, म्हणून फर्मची कामं त्यात टाकू नका, नोंद म्हणूनच टाका.

काम झाल्याची खूण करायची सोयही नोंदीत नाही. त्यावर चालणारी पद्धत अशी : काम झालं की शीर्षकाच्या सुरुवातीला "झालं" लिहायचं आणि वर्णनाच्या रकान्यात पोचपावतीचा क्रमांक, भरल्याची तारीख आणि रक्कम. पुन्हा "फक्त ही नोंद" निवडून. वर्षअखेरीला शोधात "झालं ३बी" टाकलं की बारा महिन्यांचे क्रमांक समोर येतात, आणि ऑडिटरच्या पहिल्या दहा प्रश्नांतले काही तिथेच सुटतात. पासवर्ड मात्र त्या रकान्यात कधीही लिहू नका; तपशील पाहायची परवानगी असलेल्या प्रत्येकाला तो दिसतो.

पुरवठादारांच्या देयकांसाठी दर बिलाची वेगळी नोंद करण्याचा मोह होतो, कारण सूक्ष्म आणि लघु उत्पादक किंवा सेवा देणाऱ्या उद्योगांना लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. ती मुदत चुकली तर तो खर्च आयकरात प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षी धरला जातो. पण महिन्याला साठ बिलं येत असतील तर साठ नोंदींनी कॅलेंडरचा बट्ट्याबोळ होतो. इथे दर गुरुवारी दुपारी दीड तासाचा एकच देयकांचा खण ठेवावा. अकाउंटिंग सॉफ्टवेअरमधून बिलांच्या वयाची यादी काढायची, पुढच्या गुरुवारपर्यंत मुदत संपणारी सगळी बिलं त्याच बैठकीत उरकायची. "पेमेंट कधी?" असे दिवसभर येणारे फोनही यामुळे आटतात, कारण सगळ्यांना गुरुवार सांगता येतो. त्या दीड तासात अकाउंटंटला गेटपासच्या सहीसाठी उठवलं तर मात्र हे बारगळतं. मालकाने तेवढा वेळ पाळायला हवा.

सीए किंवा सल्लागाराला भेटीच्या वेळा देणारं पान या कॅलेंडरमधून काढता येतं. वैयक्तिक खात्याला असं एकच पान मिळतं आणि एका माणसाच्या ऑफिसला ते पुरतं. पण पन्नास-साठ अशिलांची रिटर्न सांभाळणाऱ्या ऑफिसने अख्खं काम या कॅलेंडरवर टाकू नये. २० तारखेच्या चौकोनात साठ नोंदी कुणी वाचत नाही. त्यांना अशिलनिहाय स्थिती दाखवणारं सॉफ्टवेअर किंवा निदान एक नीट शीट हवीच. दोन-तीन राज्यांत जीएसटी नोंदणी असलेल्या फर्मलाही तेच लागू.

आता फर्मच्या खात्याविषयी. कॅलेंडर ज्या खात्यात काढलं त्याच्या मालकीचं राहतं. अकाउंटंटच्या खाजगी खात्यावर उभं केलेलं कॅलेंडर तो नोकरी सोडून गेल्यावर त्याच्याच हातात असतं. त्याने ते सहज साफसफाई म्हणून काढलं तरी वर्षाच्या नोंदी आणि पोचक्रमांक गेले. फर्मच्या खात्याचा पासवर्ड मालकाकडे, पडताळणीचा नंबरही मालकाचाच. माणूस बदलला की त्याच दिवशी शेअरिंगच्या यादीतून जुनं नाव काढायचं, नवं घालायचं, आणि नव्या माणसाला त्याच्या फोनवर सूचना लावायला समोर बसवायचं. त्याच्या फोनवर घंटी वाजलेली ऐकल्याशिवाय ते काम झालं असं धरू नका.